शेजारच्या सीटचं दार

"इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढायची नाही. कुणी कितीही शहाणा येऊन सांगू दे. काढायची नाही म्हणजे नाही."

हे माझ्या सासऱ्यांचं वाक्य. मामंजींना जाऊन बरीच वर्षं झाली, पण तो आवाज अजून कानात आहे. गाड्यांच्या वायरिंगचं काम शिकायला जो येईल त्याला ते पहिल्या दिवशी हेच सांगायचे. मलासुद्धा सांगितलं होतं, लग्न होऊन आले त्याच आठवड्यात. मी कधी पाना हातात धरला नव्हता. तरी सांगितलं.

आता पुढचं.

खोटं बोलायचं नाही, हे माझं रोजचं व्रत आहे. ऐकायला सोपं वाटतं. एखादी मैत्रीण नवी साडी नेसून "कशी दिसते गं?" विचारते तेव्हा कळतं किती अवघड आहे ते. तर हे लिहिताना मी माझ्या पदरचं काही घालणार नाही. जे मला माहीत नाही, तिथे माहीत नाही असंच लिहीन.

आणि तशी ठिकाणं या हकिकतीत बरीच आहेत...

माझं दुसरं व्रत मौनाचं. दिवेलागणीला पोथी घेऊन बसते आणि अध्याय मनात वाचून होईपर्यंत एक शब्द बोलत नाही. आमचे हे म्हणतात, दिवसभरात घराला तेवढीच काय ती विश्रांती.

ज्या संध्याकाळचं मी सांगणार आहे ती हिवाळ्यातली होती. अमावस्या नव्हती. वादळवारा नव्हता. साधा मंगळवार होता. जागाही कुठली ओसाड नव्हे, आमच्या घराची पुढची शेड.

आमचं घर म्हणजे मागे दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची शेड. शेडमध्ये यांचं काम चालतं. वायरिंग, सेल्फ, अल्टरनेटर, बॅटऱ्या. भिंतीवर खिळ्यांना जुने अल्टरनेटर टांगलेले. कोपऱ्यात चार्जर सारखा गुणगुणत असतो. ॲसिडची भोकं नाहीत असा यांचा एकही शर्ट नाही. मी ठिगळं लावते. हे म्हणतात, कशाला, हवा खेळती राहते.

यांच्या एका हातात मीटर आणि दुसऱ्या हातात तार असते, म्हणून उजेड धरायला मी. इतकी वर्षं टॉर्च धरल्यावर कुठली तार कुठे जाते ते मलाही कळायला लागलंय.

माझ्या धाकट्या भावाला सगळे बारक्या म्हणतात. जन्मला तेव्हा मूठभर होता म्हणून. आता आमच्या दारातून आत येताना त्याला थोडं तिरकं व्हावं लागतं. आई लवकर गेली, त्याला मीच वाढवलं. त्याच्या बायकोला, माझ्या भावजयीला, मी गमतीने सांगते की याची वॉरंटी माझ्याकडे आहे.

त्याने एक जुनी डिझेल पिकअप घेतली. बर्फाच्या कारखान्यातून लाद्या भरायच्या, वर लाकडाचा भुसा, त्यावर गोणपाट. घाट उतरून पलीकडच्या मासळी बाजारात दुपारी पोचवायच्या आणि संध्याकाळी रिकामी गाडी घेऊन परत यायचं.

महिनाभर छान चाललं.

मग एक दिवस तो दुसऱ्याच्या गाडीला दोर बांधून पिकअप ओढत आमच्याकडे आला.

"भाऊजी, सकाळी सेल्फ मारत नाही. नुसती कट् कट् करते."

"या मेहुणे. तुम्ही गाडी घेतलीत की गाडीने तुम्हाला?" हे म्हणाले आणि बॉनेट उघडलं.

चार्जिंगची तक्रार आली की यांचं बोलणं ठरलेलं असतं. "तीनच गोष्टी असतात, बारक्या. एक तर अल्टरनेटर वीज बनवत नाही. किंवा तो बनवतो पण बॅटरी साठवत नाही. किंवा दोघं बिचारे नीट आहेत आणि मधल्या मधे कुणीतरी खातंय."

यांनी पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला. ताठ होता. इंजिन चालू करून मीटर लावलं, आकडा चौदाच्या वर. अल्टरनेटर छान वीज बनवत होता. बॅटरी तेवढी जुनी होती. यांनी आपल्या फळीवरची नवी बसवली, अर्थची तार घासून लखलखीत केली. बारक्या दोन कप चहा पिऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

नवी बॅटरीही उतरली होती. पूर्ण.

"म्हणजे कुणीतरी खातंय," हे म्हणाले.

त्या वेळी त्या वाक्याचं मला काही वाटलं नाही.

वीज कुठे झिरपते ते शोधायची यांची एक पद्धत आहे. गाडी बंद. किल्ली बाहेर. दोन्ही दारं लावलेली. मग बॅटरीची अर्थची तार सोडवायची आणि ती तार आणि बॅटरी यांच्या मधे टेस्ट लॅम्प जोडायचा. टेस्ट लॅम्प म्हणजे दुसरं काही नाही, दोन तारा जोडलेला साधा बल्ब. गाडीत काहीच चालू नसेल तर तो लागत नाही. लागला, तर समजायचं वीज कुठेतरी जातेय.

भर दुपार होती. आम्ही तिघं वाकून त्या बल्बकडे बघत होतो.

लागला नाही.

"बघा, काही नाही," बारक्या म्हणाला.

आणि मग... बल्ब लागला.

मंद, पिवळा. थोडा वेळ राहिला. विझला.

पुन्हा लागला. पुन्हा विझला.

"कनेक्शन ढिलं असेल," हे म्हणाले आणि एकेक फ्यूज काढायला लागले. हेडलाइटचा काढला, तरी बल्ब लागत-विझत राहिला. हॉर्नचा काढला, तेच. शेवटी एक छोटा फ्यूज काढला आणि बल्ब लागायचा थांबला.

तो फ्यूज केबिनच्या छतावरच्या दिव्याचा होता. दार उघडलं की लागतो आणि दार लावलं की विझतो, तो दिवा.

"सापडलं. दाराच्या चौकटीतलं बटण अडकत असणार." यांनी फ्यूज परत बसवला, ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. टेस्ट लॅम्प लागला. दार लावलं. विझला. "हे बघ. असंच होतंय मघापासून."

हे इकडे आले. आम्ही तिघंही बॉनेटपाशी उभे. दोन्ही दारं आमच्या डोळ्यांसमोर बंद.

बल्ब लागला.

कुणी दार उघडावं, मान बाहेर काढून इकडेतिकडे बघावं आणि परत लावून घ्यावं, त्याला जेवढा वेळ लागेल तेवढाच वेळ लागलेला राहिला.

मग विझला.

बारक्या हसला नाही. एरवी तो कशावरही हसतो.

"शेजारच्या सीटचं दार," तो हळूच म्हणाला. "घाटात परतीच्या वाटेवर एक वळण आहे, भाऊजी. तिथे आलं की ते दार नीट लागलं नाही असं वाटतं. मी चालवता चालवता हात लांब करून ओढून घेतो."

"उघडं असतं?"

"नाही... लागलेलंच असतं. आणि तिथूनच पुढे हेडलाइट मंद होत जातात."

यांनी दोन्ही दारांची बटणं बदलली. वर त्या दिव्याचा फ्यूजच काढून आपल्या खिशात टाकला. "घ्या. आता दिवाच नाही. काय खाणार?"

सकाळी बॅटरी उतरलेली होती.

ज्या दलालाकडून बारक्याने गाडी घेतली त्याला यांनी फोन लावला. स्पीकरवर होता, मी भाजी निवडत ऐकत होते.

"चार्जिंगचं मला काय विचारता हो? गाडी एक नंबर होती," दलाल म्हणाला. "हां, एक होतं. शेजारचं दार आतून तारेने बांधलेलं होतं. जाड तार, हँडलला गुंडाळून थेट सीटच्या खाली. ती मी कापली. गिऱ्हाईकाला दार उघडून दाखवायला नको?"

"आधीच्या मालकाला विचारलं नाहीत कशाला बांधलंय ते?"

"विचारलं ना. तो म्हणाला, तुम्हाला कापायची तर कापा. फक्त माझ्यासमोर नको."

फोन ठेवला. हे उठले, जाड तार घेतली आणि ते दार दलालाने सांगितलं तसंच बांधून टाकलं. मी टॉर्च धरला होता. पक्कडने पीळ देऊन देऊन बांधलं, माझ्या डोळ्यांसमोर.

सकाळी बारक्याने गाडी उघडली तर तार कडेच्या सीटवर होती.

तुटलेली नव्हती, कापलेलीही नव्हती...

नीट गोल गुंडाळी करून ठेवलेली होती.

यानंतर बॅटरीसारखा बारक्याही उतरायला लागला.

आधी भूक गेली. मग अंग. हाताला हात लागला तर गार. मी विचारलं की म्हणायचा, "बर्फाचा धंदा आहे ताई, गार लागणार नाही तर काय?" पण बर्फ उतरवून घरी येऊन आंघोळ केलेल्या माणसाचे हात गार का असावेत?

त्या पिकअपला पुढे लांब सीट आहे, ड्रायव्हरशेजारी दोघं बसतील अशी. तरी तो जेवणाचा डबा मांडीवर ठेवून गाडी चालवायचा. मी म्हटलं, "अरे, एवढी जागा पडलीय. बाजूला ठेव की."

"तिथे कसा ठेवू?" तो म्हणाला.



एक दिवस दुपारी भावजय आली, लेकीला कडेवर घेऊन. पाणीसुद्धा घेतलं नाही. "ताई, हे संध्याकाळी गाडी लावतात आणि उतरतच नाहीत. आत बसून राहतात. मी काचेवर टकटक केली तर म्हणतात, थांब, तिचं बघून होऊ दे."

"तिचं म्हणजे कुणाचं?"

"तेच विचारायला तुमच्याकडे आले."

मी बारक्याला बोलावून घेतलं. गाडी विकून टाक म्हटलं. ओरडणं माझ्या स्वभावात नाही, पण हात जोडले त्याच्यासमोर. लहानपणी मी रडायला लागले की तो माझ्या आधी रडायचा.

त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "विकली तर ती कुणाच्या गाडीत बसेल?"

त्या दिवशी मी देवापुढे बसले आणि मला काही मागताच आलं नाही. काय मागायचं तेच कळेना.

यांनी गाडी शेडमध्ये ठेवून घेतली. बॅटरी उतरवून गाडीपासून लांब, भिंतीशी फळकुटावर ठेवली. तिला एक तार जोडलेली नाही. रात्री पूर्ण भरलेली होती, मीटर मी पाहिलं होतं.

सकाळी रिकामी.

शेजारच्या फळीवरच्या बाकी सगळ्या बॅटऱ्या भरलेल्या. तेवढी एकच रिकामी.

हे जुन्या टायरवर बसले. हातात मीटर तसंच होतं. या माणसाला गाडीपुढे हरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

तर तो मंगळवार.

संध्याकाळी गार वारा सुटला म्हणून धुरापुरती वीतभर फट ठेवून शटर खाली ओढलं होतं. बारक्याला यांनी मुद्दाम बोलावलं होतं. तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला, यांनी दुसरी बॅटरी जोडली, इंजिन सुरू झालं. हेडलाइट लावले. उजेड भिंतीवरच्या अल्टरनेटरांवर पडला.

माझा अध्याय नुकताच सुरू झाला होता. पोथी मिटून, मौन तसंच ठेवून मी टॉर्च धरायला आले.

मीटर म्हणत होतं सगळं ठीक आहे. चौदाच्या वर. यांनी ते मीटर फळीवर ठेवलं, नव्हे, टाकलं.

आणि दहा नंबरचा पाना उचलला.

मला कळलं हे काय करणार ते. जुने लोक तशी परीक्षा घ्यायचे. इंजिन चालू ठेवून बॅटरीची तार काढायची. दिवे तसेच राहिले तर अल्टरनेटर खरा. पण त्यात अल्टरनेटर जळायची भीती असते. म्हणून तर मामंजींनी ती पद्धत या शेडमध्ये बंद केली होती.

मी यांचा दंड धरला. मान हलवली.

"माहीत आहे मला," हे म्हणाले. माझ्याकडे न बघताच. "सगळं माहीत आहे. पण मीटर खोटं बोलतंय की मी वेडा झालोय, ते एकदा कळू दे."

आणि तार काढली.

हेडलाइट एकदम पांढरे झाले. डोळ्यांना सहन होईनात इतके. मग बॉनेटमधून चट्ट आवाज आला. जळकट वास सुटला.

आणि सगळा अंधार, शेडमधला बल्बसुद्धा गेला.

इंजिन मात्र चालूच होतं. त्यात नवल नाही. त्या जुन्या डिझेल इंजिनाला एकदा सुरू झालं की विजेची गरज नसते. पण बाकी गाडीत आता वीज नावाची वस्तू नव्हती. बॅटरीची तार यांच्या हातात. अल्टरनेटर जळलेला. माझ्या हातातला टॉर्चही पिवळा होत होत विझला.

इंजिनाचा आवाज... डिझेलचा वास... आणि काळोख.

मग केबिनमध्ये, छतावरचा तो छोटा दिवा लागला.

यांनी वरचा खिसा चाचपला. मी बघत होते. त्या दिव्याचा फ्यूज त्यांच्या खिशात होता.

दिव्याखाली बारक्या दिसत होता. मान शेजारच्या सीटकडे वळवून बसलेला. कुणाचं तरी ऐकत होता. मधेच मान डोलवत होता.

"बारक्या, बंद कर," हे म्हणाले. "ती इंजिन बंद करायची तार ओढ. बंद कर इंजिन."

त्याला ऐकू गेलंच नाही. हे त्याच्या दाराकडे धावले. दार उघडेना. त्या दाराचं कुलूप पहिल्यापासून तुटलेलं होतं, ते आतून लागूच शकत नाही. हे परत पुढे आले, हातातलं फडकं हवेच्या पाइपच्या तोंडात कोंबलं. हवा तोडली की डिझेल इंजिन गुदमरून बंद पडतं. आमच्याकडे कित्येकदा असं बंद केलेलं आहे.

बंद पडलं नाही.

आवाजसुद्धा बदलला नाही.

शेडमध्ये धूर भरायला लागला. हे शटरकडे गेले, ते वर जाईना. ज्या माणसाने आयुष्यभर हजार गाड्या चालू केल्या त्याला एक गाडी बंद करता येत नव्हती.

मी शेजारच्या दारापाशी गेले. काच वर होती. इंजिन एवढं धडधडत होतं, तरी बारक्याचा आवाज मला अगदी कानाशी बोलल्यासारखा आला. लेकीला झोपवताना तो ज्या आवाजात बोलतो, त्या आवाजात तो बोलत होता.

"हे पण नाही का? बरं... बरं, राहू दे. पुढे बघू या."

मान शेजारी झुकवून त्याने ऐकलं.

"पण पुढे म्हणजे कुठे? काहीच आठवत नाही का?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. तो टेस्ट लॅम्प सारखा का लागत-विझत होता ते.

तिला कुठे उतरायचं ते तिला आठवत नव्हतं. प्रत्येक ठिकाणी ती दार उघडत होती. बघत होती. हे नव्हे म्हणून परत लावून घेत होती. किती वर्षं, देव जाणे.

मला भीती वाटायला हवी होती. वाटत होतीच. पण आधी तिची दया आली.

"असं कर," बारक्या आत म्हणाला, "मी येतो तुझ्यासोबत. उतरून चालत शोधू."

आणि तो ड्रायव्हरच्या सीटवरून मधल्या जागेवर सरकला.

दाराच्या दिशेने.

त्या दारातून तो उतरला असता तर कुठे उतरला असता, मला माहीत नाही. आमच्या शेडमध्ये उतरला नसता, एवढं मात्र त्या क्षणी मला स्वच्छ कळलं.

मी हँडल धरलं. ड्रायव्हरचं दार यांना उघडत नव्हतं. हे दार सहज उघडलं.

आतून थंडी आली. बर्फाची थंडी ओली असते, मला माहीत आहे. ही कोरडी होती. कडेच्या जागेवर कुणी नव्हतं. पण सीटचं रेक्झिन खाली दबलेलं होतं...

माझा अध्याय अर्धा राहिला होता. दिवेलागणीचं मौन मी कधी मोडलेलं नाही. बाळंतपणातसुद्धा नाही.

मी बोलले.

"त्याला राहू दे गं. लेकरू लहान आहे त्याचं. तो नको, मी येते. रोज येते. तुझं ठिकाण सापडेपर्यंत तुझ्या शेजारी बसते. आणि सापडलं की तुला हाताला धरून दारापर्यंत पोचवते. माझा शब्द आहे."

एवढंच. नेहमीच्या माझ्या आवाजात. यांना ते शटरपाशी ऐकू आलं नाही.

रेक्झिन हळूहळू वर आलं.

दिवा विझला.

इंजिन बंद झालं. आपोआप.

शटर यांच्या हातून एकदम वर गेलं आणि रस्त्यावरचा उजेड आत आला. बारक्या मधल्या सीटवर बसून डोळे चोळत होता. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"ताई," तो म्हणाला, "तू आत्ता मौनात बोललीस?"

त्याला बाकी काही आठवत नाही. आजही नाही. मी आठवण करून दिलेली नाही.

आता तो बर्फ कारखान्याची गाडी चालवतो. भूक परत आलीय. दारातून आत येताना पुन्हा तिरका होतो. पिकअप यांनी ठेवून घेतली, दुसरा अल्टरनेटर बसवला. भावाला सांगितलं, किरकोळ सामान आणायला उपयोगी पडेल. ते यांनी सांगितलं, मी नाही.

काय शब्द दिला ते मी यांना त्याच रात्री सांगितलं. रोज संध्याकाळी आम्ही दोघं घाटातल्या त्या वळणापर्यंत जातो आणि परत येतो. हे चालवतात. मी मधे बसते. कडेची जागा मोकळी असते. पोथी मांडीवर ठेवून अध्याय मी आता तिथेच मनात म्हणते.

वळणावर आलं की छतावरचा दिवा लागतो. मग विझतो. माझा एक खांदा गार पडतो. हे समोर रस्त्याकडे बघत गाडी हळू चालवत राहतात.

मग वाटेत दिवा लागतो. बेकरीसमोर. पेट्रोल पंपाशी. शाळेच्या फाटकापाशी. लागतो, थोडा वेळ राहतो, विझतो.

कोण आहे, कधीची आहे, माहीत नाही. मी विचारत नाही.

एकदाच खाडा झाला. मला ताप भरला होता, उठवेना. दुसऱ्या सकाळी आमच्या फळीवरची एकूण एक बॅटरी रिकामी होती. आणि बारक्या फोन उचलत नव्हता. दुपारी उचलला. म्हणाला, "काही नाही ताई, जरा गार वाटत होतं, झोपलो होतो." त्यानंतर मी खाडा केलेला नाही.

पण आता जे होतंय ते मला लिहायलाच हवं.

आमच्या वाटेवर बारक्याचं घर लागतं. सुरुवातीला तिथे दिवा लागून लगेच विझायचा, बाकी ठिकाणांसारखाच. मग जरा जास्त वेळ राहायला लागला. गेल्या आठवड्यात यांनी तिथे गाडी थांबवली, तरी विझेना. आम्ही पुढे निघालो तेव्हा विझला.

काल भाची खिडकीत उभी होती. तिने हात हलवला. मी पण हलवला.

ती माझ्याकडे बघत नव्हती.

माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघून हसत होती.

घरी आल्यावर हे म्हणाले, "उद्यापासून मागच्या रस्त्याने जायचं का?"

मी म्हटलं, "कुठे उतरायचं ते तिने ठरवायचं, असं बोलून बसलेय मी."

"तू शब्द दिलास तेव्हा हे माहीत नव्हतं."

"नव्हतं."

हे उठून शेडमध्ये गेले. बराच वेळ काही खुडबुडत राहिले. काय दुरुस्त करत होते, त्यांनाच ठाऊक.

मी रात्रभर माझंच बोलणं आठवून आठवून त्यात कुठे एखादी फट सापडते का बघत होते. सापडली नाही. हाताला धरून, दारापर्यंत. मीच म्हटलं होतं.

आता ऊन उतरलंय. बाहेर यांनी गाडी चालू केली आहे, आवाज येतोय. एका सेल्फमध्ये लागली. चार्जिंग उत्तम आहे तिचं.

मी शाल घेतली आहे. पोथी आज घरीच ठेवली, पिशवीही नाही घेतली. आज तिने उतरायचं म्हटलं, तर धरायला एक हात मोकळा हवा.

निघते.